विहीर आपली, झरा त्याचा

निंदणाहून घरी आलेल्या, चुलीपुढे बसून रेडिओ ऐकणाऱ्या, गटाच्या बैठकीला निघता निघता दोन मिनिटं थांबलेल्या सगळ्या मायबहिणींना आमचा नमस्कार.

आम्ही चौघीजणी आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या काही गावांमध्ये बचत गटांच्या समन्वयाचं काम करतो. बैठका घेणं, पासबुकं तपासणं, बँकेचे कागद लावून देणं हे आमचं रोजचं काम. आम्ही ख्रिस्ती आहोत. पोटापाण्यासाठी हे काम करतो हे खरं, पण त्याहून जास्त ते प्रभूची सेवा म्हणून करतो. गट सगळ्यांचा असतो, त्यात सगळ्या जातीधर्मांच्या बाया असतात. कोणावरही प्रार्थनेची अट आम्ही कधी घातली नाही आणि घालणारही नाही. पण आज आम्हाला बोलायला सांगितलं आहे ते आमच्या श्रद्धेबद्दल. म्हणून आज हिशेबाची वही बाजूला ठेवतो आणि सेवा करणाऱ्या बाईबद्दल बोलतो. ती कोणाच्या बळावर उभी असते? आणि बळ संपलं की तिचं काय होतं?

या विषयावर आपल्याकडे दोन म्हणी आहेत. एक म्हणते, असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी. दुसरी म्हणते, प्रयत्नांती परमेश्वर. आम्ही पहिलीला नेहमी हसायचो आणि दुसरी बैठकीत मोठ्यानं सांगायचो. प्रयत्नात आम्ही कधी कमी पडलो नाही. पण एका वर्षी आम्ही असे काही आपटलो, की प्रयत्न म्हणजे काय आणि परमेश्वर म्हणजे काय, दोन्ही पुन्हा पहिलीपासून शिकावं लागलं. तेच आज सांगायचं आहे. सांगायला थोडी लाज वाटते, पण झाकून ठेवलं तर त्याचा कोणाला उपयोग नाही.

एका गावात आमच्या गटातली एक ताई होती. तिचा नवरा मजुरीनं फवारणी करायचा. 2017 च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. या ताईचा नवरा वाचला, पण पहिल्यासारखा राहिला नाही. नजर अधू झाली, उन्हात उभं राहवेना. दोन लेकरं, सासू आणि सगळा भार हिच्यावर.

आम्ही ठरवलं की हिला उभं करायचंच. गटातून कर्ज काढून दिलं, चार शेळ्या घेऊन दिल्या. निराधार योजनेचे कागद आम्हीच भरले, तहसीलला आम्हीच चकरा मारल्या. लेकरांच्या शाळेत आम्हीच जाऊन बोललो. शेळ्या व्याल्या तेव्हा तिचा फोटो काढला आणि तालुक्याच्या मेळाव्यात यशोगाथा म्हणून सगळ्यांना दाखवला. टाळ्या वाजल्या. त्या तिच्यासाठी होत्या असं आम्ही म्हणत होतो, पण मनातून त्या आम्हीच घेतल्या.

पुढच्या पावसाळ्यात शेळ्यांवर रोग आला. चारातल्या तीन गेल्या, करडंही गेली. हप्ता थकला. आता आमच्या यशोगाथेचं काय होणार, ही धास्ती आम्हाला पडली. मग आम्ही एक गोष्ट केली. तीन महिने तिचा हप्ता आम्ही आपसात वर्गणी करून भरला आणि वहीत तिनंच भरला असं लिहिलं. तिलाही सांगितलं, बाई, कोणाला बोलू नको. आम्हाला वाटलं ही दया आहे, हाच ख्रिस्ती प्रेमाचा मार्ग आहे.

त्या महिन्यांत आम्ही कशा जगत होतो तेही सांगतो. सकाळी सहाला घर सोडायचं, रात्री नवाला परत यायचं. रविवारी उपासनेला बसलो तरी मनात पासबुकं. आमच्यातल्या एकीला एका बैठकीतच चक्कर आली, सलाईन लावावं लागलं. दुसरीच्या घरी रोज भांडण. प्रार्थना करायचो, नाही असं नाही, पण मोटारसायकलवर मागं बसून, धावतपळत. आणि ती प्रार्थना तरी कसली? आम्ही आधीच ठरवलेल्या कामाखाली देवानं सही करावी एवढीच.

व्हायचं तेच झालं. ताई बैठकीला येईना. घरी गेलो तर सासू सांगायची, शेतात गेली. शेतात गेलो तर ती दुसऱ्या वाटेनं निघून जायची. इकडे गटाच्या सचिव बाईनं वही आणि तारखा ताडून पाहिल्या. ज्या दिवशी ताईनं हप्ता दिला असं लिहिलं होतं, त्या दिवशी ती माहेरी होती. सगळं उघडं पडलं. बाया आमच्यावर चिडल्या. त्यातल्या एकीनं विचारलेला प्रश्न आजही कानात आहे. ती म्हणाली, "तुमचा आमच्यावर भरवसाच नव्हता काय? आमाले सांगतलं असतं तं आमी काय तिले मारून टाकलं असतं?"

त्या रात्री आम्ही चौघी आमच्या मंडळीतल्या एका म्हाताऱ्या आजीच्या घरी जाऊन बसलो. आजीला अक्षरओळख नाही. सगळं आयुष्य दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचण्यात गेलं. आम्ही सगळं सांगितलं, रडलो. आजीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोणाचं काम करून राहिल्या बाप्पा तुम्ही?"

आम्ही म्हटलं, देवाचं.

आजी म्हणाली, "मंग त्याले इचारलं काय? का अगोदर करून टाकलं, अन् मंग त्याले म्हणलं, आता याच्यावर आशीर्वाद दे?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही.

मैत्रिणींनो, त्यानंतर आम्ही पुन्हा एकदा पंडिता रमाबाईंचं चरित्र वाचायला घेतलं. नाव आपण शाळेत ऐकतो, पण ही बाई कोणत्या बळावर उभी होती हे शाळेच्या पुस्तकात फारसं येत नाही. ते थोडं सविस्तर सांगतो.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. ऐन तारुण्यात दुष्काळानं आईवडील आणि बहीण नेले. अनवाणी, उपाशी भावाबरोबर त्या देशभर फिरल्या. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांचं संस्कृत ऐकून त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. त्या काळातल्या एका बाईला! पुढे त्या विधवा झाल्या, इंग्लंडला गेल्या, तिथं 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतला. अमेरिकेत व्याख्यानं दिली, पुस्तक लिहिलं, बोस्टनला त्यांच्या नावानं मंडळ उभं राहिलं. त्या मंडळानं दहा वर्षं पैसा देण्याचं कबूल केलं. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढे ते पुण्याला आलं.

विद्या, वक्तृत्व, धाडस, ओळखी, पैसा, सगळं त्यांच्याकडे होतं. माणसाच्या बळावर सेवा करता येत असती तर ती रमाबाईंनाच करता आली असती. पण त्यांनीच आपल्या साक्षीत कबूल केलं आहे, की बाप्तिस्मा झाल्यावरही कितीतरी वर्षं त्यांच्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, पण खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता. हे वाचलं तेव्हा आम्ही पुस्तक मिटून ठेवलं. आमच्याजवळही ख्रिस्ती काम होतं. ख्रिस्त त्यात कुठं होता?

आता पुढचं ऐका. बोस्टनची दहा वर्षांची मुदत 1898 ला संपायची होती. रमाबाईंनी हिशेबी बाईसारखा विचार केला. पुणे जिल्ह्यात दौंडजवळ केडगावला जमीन घेतली, फळझाडं लावली. झाडांच्या उत्पन्नावर शाळा चालेल असा बेत होता. पण झाडांना फळं धरण्याआधीच 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिकडून सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. स्वतः दुष्काळातून वाचलेली बाई, तिला त्या लेकरांकडं पाठ करता येईना. या मुलींसाठी कोणाचीही ठरलेली रक्कम नव्हती. असं मुक्ती सदन सुरू झालं. मग 1899-1900 चा दुष्काळ आला. आपला जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा, आणि त्या दुष्काळानं आपल्या वऱ्हाडालाही सोडलं नाही. मुक्ती सदनात तेव्हा जवळजवळ दोन हजार माणसं झाली.

त्या दिवसांतली एक गोष्ट रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवली आहे. पाऊस नाही, आणि एकोणीसशे माणसं, शंभरावर जनावरं, बाग, शिवाय चाललेलं बांधकाम, सगळं विहिरींवर. रोज संध्याकाळी विहिरी उपसून कोरड्या व्हायच्या. रात्री प्रार्थना व्हायची. सकाळी विहिरींत दिवसभर पुरेल इतकं पाणी आलेलं असायचं. संध्याकाळी पुन्हा कोरड्या, सकाळी पुन्हा पाणी.

आपण यवतमाळच्या बाया. विहीर कशी आटते आणि कशी पाझरते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. एप्रिल-मे महिन्यात पहाटे तीनला उठून, रात्रभर झिरपलेलं घागरभर पाणी पहिल्यांदा कोण भरतं यासाठी आपण नंबर लावलेले आहेत. म्हणून ही गोष्ट आम्हाला लगेच कळली. विहीर रमाबाईंनी खणून घेतली होती. कुदळ मारायची ती मारलीच. पण झरा कोणी खणू शकत नाही. झरा असतो किंवा नसतो. आणि रोज संध्याकाळी विहीर रिकामी करायची हिंमत ज्याला झऱ्यावर विश्वास आहे त्यालाच होते. आम्ही मात्र झरा विसरून, बाहेरून घागरी आणून विहिरीत ओतत होतो. दुसऱ्याच्या वहीत आपले हप्ते भरणं म्हणजे तेच.

रमाबाईंची आणखी एक गोष्ट. 1905 च्या सुरुवातीला त्यांनी मुलींना प्रार्थनेसाठी बोलावलं. आधी सत्तरेक जणी बसल्या, काही महिन्यांत पाचशेवर झाल्या. बघा, काम वाढल्यावर त्यांनी फक्त जास्त नोकर ठेवायचा विचार केला नाही. ज्यांची सेवा करत होत्या त्याच मुलींना म्हणाल्या, तुम्ही माझ्याबरोबर बसा. पुढे बायबलचं मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांमधून सोप्या मराठीत भाषांतर करायला घेतलं, तेव्हा खिळे जुळवण्याचं आणि छापण्याचं काम मुक्तीतल्याच बायांनी केलं. नवा करार आधी निघाला. मुक्तीचं काम पुढे मनोरमा, त्यांची एकुलती एक लेक, सांभाळेल असं त्यांच्या मनात होतं. 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. माणसाच्या हिशेबानं सगळं तिथंच थांबायला हवं होतं. पण पूर्ण बायबल 1924 मध्ये छापून आलं, आणि केडगावचं मुक्ती आजही आहे.

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे मोठ्या माणसांचं झालं. तुमच्या त्या गटातल्या ताईचं काय झालं?

आजीच्या घरून आल्यावर आम्ही तीन दिवस काहीच ठरवलं नाही. आमच्यासाठी हीच मोठी गोष्ट होती. संध्याकाळी एकत्र बसायचो, देवापुढे गप्प राहायचो. पवित्र शास्त्रात एलिया संदेष्ट्याची गोष्ट आहे. मोठं काम केल्यावर तो इतका थकला, की रानात एका झुडपाखाली पडून देवाला म्हणाला, आता मला मरण दे. देवानं त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, भाकर दिली, पाणी दिलं. पुन्हा झोपू दिलं, पुन्हा भाकर दिली. नंतर पुढे डोंगरावर त्याला सांगितलं, की तू एकटा उरलास असं तुला वाटतं, पण माझे सात हजार लोक आहेत. आम्हालाही तेच ऐकायचं होतं. आमच्या चौघींच्या पलीकडे गटात बाया होत्या, आणि त्या आम्हाला दिसत नव्हत्या.

मग आम्ही ताईच्या घरी गेलो. या वेळी हातात वही नव्हती, कागद नव्हता. अंगणात बसलो आणि तिची माफी मागितली. म्हटलं, तुला न विचारता आम्ही तुझं नाव वापरलं, फोटो वापरला, वहीत खोटं लिहिलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, मले भीक नोको होती. मले येळ पाहिजे होता. तुमी एवढं केलं, की तुमच्यासमोर यायचीच लाज वाटे."

मैत्रिणींनो, हे ऐकून आमचे डोळे उघडले. आपण आपल्या बळावर सेवा करतो तेव्हा आपण मोठे होत जातो आणि समोरची बाई लहान होत जाते. तिच्यावर उपकाराचं ओझं चढतं. पण ज्याला ठाऊक आहे की आपल्यालाही वरूनच मिळतं, तो घेणाऱ्याच्या शेजारी बसतो, समोर उभा राहत नाही. दोघंही एकाच झऱ्याचे तहानलेले.

पुढच्या बैठकीत आम्ही गटापुढे सगळं कबूल केलं आणि वहीतल्या त्या नोंदी सगळ्यांसमोर दुरुस्त केल्या. बायांनी आम्हाला बोलायचं ते बोलून घेतलं. मग त्यांनीच ठराव केला, की ताईचा हप्ता निम्मा करायचा आणि कापूस निघेपर्यंत थांबायचं. एकीनं आपल्या वावरात तिला वेचणीचं काम दिलं, एकीनं शेळीचं एक पिल्लू अर्धलीनं सांभाळायला दिलं. आमच्या सगळ्या धावपळीत जे झालं नव्हतं ते त्या तासाभरात झालं, आणि त्यात आमचं योगदान एवढंच, की आम्ही गप्प बसलो होतो.

यात फार मोठा चमत्कार झाला असं आम्ही सांगणार नाही. तिचा नवरा आजही पूर्ण बरा नाही. कर्ज फिटायला ठरल्यापेक्षा जास्त महिने लागले. पण फिटलं, आणि या वेळी वहीतली प्रत्येक सही तिची होती. आज गटाच्या पेटीची एक किल्ली तिच्याकडे असते. तिचा फोटो आता आमच्याकडे नाही, आणि मेळाव्यात तिची गोष्ट सांगायची का हे ती स्वतः ठरवते. आज ही गोष्ट सांगतो आहोत तीही तिला विचारून, नावगाव न सांगता.

आता, देवावर टाकायचं म्हणजे हात बांधून बसायचं का? अजिबात नाही. आम्ही आजही बैठका वेळेवर घेतो, हिशेब पैशापैशाचा ठेवतो. उलट हिशेब आता जास्त खरा असतो, कारण तो कोणाला दाखवायचा नसतो. ज्या बाईनं हजेरी लिहिली नाही, वही भरली नाही आणि म्हणाली देव पाहून घेईल, तिला आम्ही सांगतो, बाई, विहीर खणायचं काम तुझं आहे, ते देवावर ढकलू नको. आणि जी बाई रात्रभर झोपत नाही तिला सांगतो, बाई, झऱ्याची काळजी तुझ्याकडे दिलेली नाही.

तुम्ही आशाताई असाल, अंगणवाडीताई असाल, मंडळीच्या महिला मंडळात असाल, नाहीतर घरी आजारी सासूची सेवा करत असाल. आम्ही शिकलो ते तुमच्याही कामी येईल असं वाटतं, म्हणून थोडक्यात सांगतो.

काम ठरवण्याआधी प्रार्थना करा, ठरवल्यानंतर नाही. तुम्ही ज्या देवाला मानता त्याच्यापुढे आधी रिकाम्या हातानं बसा.

ज्याची सेवा करायची त्याला विचारा, तुला काय पाहिजे? आम्हाला हा साधा प्रश्न विचारायला दीड वर्ष लागलं.

मदत मागायला लाजू नका. जी बाई सगळं एकटीनं करते तिला वाटतं आपण त्याग करतो आहोत. पुष्कळदा तो अभिमान असतो.

आठवड्यातला एक दिवस काम बंद ठेवा. आम्ही आता रविवारी पासबुक उघडत नाही. सुरुवातीला फार भीती वाटली. पण सोमवारी गट जागेवरच होते, एकही बुडाला नाही. आपल्यावाचून जग चालतं हे आठवड्यातून एकदा पाहिलेलं बरं असतं.

आणि चुकलो तर लवकर कबूल करा. झाकण्यात जितकी ताकद जाते तितकी कामातही जात नाही.

ती आजी मागच्या उन्हाळ्यात वारली. शेवटच्या दिवसांत भेटायला गेलो तेव्हा तिला उठून बसवत नव्हतं. आम्ही काहीतरी काम सांगावं म्हणून विचारलं, आजी, तुझ्यासाठी काय करू? ती हसली आणि म्हणाली, "काई नोको करू. बस जराशी." आम्ही बसलो. त्या दिवशीच्या वेळापत्रकात तीन बैठका होत्या. दोन दुसऱ्या बायांनी घेतल्या, एक पुढे गेली.

प्रभू आपल्या सगळ्यांच्या विहिरीत सकाळी पुरेल इतकं पाणी ठेवो. पुढच्या बुधवारी बैठकीला या, पासबुक आणायला विसरू नका. नमस्कार.